बेघरांच्या सेवेला निघताना: बेळगाव भागातील नव्या ख्रिस्ती सेवकांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, गोकाक या भागांतल्या मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चांमधून, दर वर्षी काही माणसे बेघरांच्या सेवेसाठी नाव देतात. त्यांत कॉलेजातली मुले असतात, निवृत्त परिचारिका असतात, घरचे आटोपून संध्याकाळी दोन तास काढू शकणाऱ्या गृहिणी असतात. यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर या सेवेचे एकच चित्र असते, ते म्हणजे नाताळच्या आठवड्यात बसस्थानकावर ब्लँकेटे वाटण्याचे. त्यात वाईट काहीच नाही. परंतु जानेवारी सरेपर्यंत ती ब्लँकेटे भिजलेली, चोरीला गेलेली किंवा विकली गेलेली असतात, आणि ज्याला ब्लँकेट दिले तो माणूस मात्र त्याच पायरीवर झोपलेला असतो. हा लेख त्या पायरीपाशी फेब्रुवारीत, जुलैच्या झडीत आणि गणपतीच्या गर्दीतही जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. त्यातली मुख्य सूचना सुरुवातीलाच सांगतो: थोडेच न्या, पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी जा, आणि जाणे चुकवू नका. रस्त्यावरच्या माणसाला आजवर अनेकांनी पुष्कळ काही दिलेले असते. परत येतो म्हणून खरोखर परत आलेली माणसे त्याने फार थोडी पाहिलेली असतात.

निघण्याआधी

एकट्याने हे काम सुरू करू नका. आपल्या पाळकांशी, फादरांशी किंवा मंडळीच्या वडीलजनांशी बोला आणि किमान तिघांचा गट करा; त्यात एक तरी स्त्री असावी, आणि कन्नड नीट बोलणारे एक माणूस तर असायलाच हवे. त्यानंतर शहरात आधीपासून कोण काय करते याची चौकशी करा. कॅम्पातल्या फातिमा कॅथेड्रलपासून उपनगरातल्या लहान घरमंडळ्यांपर्यंत अनेकजण आपापल्या परीने वाटप करतात. लिंगायत मठांत दासोह, म्हणजे अन्नदान, चालतो, मशिदींतून आणि जैन संस्थांकडूनही अन्न दिले जाते. ही चौकशी न केल्यास रविवारी संध्याकाळी एकाच फलाटावर तीन गट जेवणाच्या पिशव्या घेऊन पोचतात आणि बुधवारी कोणीच फिरकत नाही. मोकळा वार शोधा आणि तोच आपला धरा.

आपण ज्या भागात जाणार आहोत तिथल्या पोलीस ठाण्यात मंडळीचे पत्र घेऊन आधीच जाऊन या. पत्रात गटातल्या सर्वांची नावे, येण्याचा वार व वेळ आणि कामाचे स्वरूप स्पष्ट लिहिलेले असावे. रेल्वे स्थानकाच्या आवारात स्थानक प्रमुखांना आणि रेल्वे सुरक्षा दलाला कळवल्याशिवाय काहीही वाटू नका. ही औपचारिकता वाटते, पण रात्री दहा वाजता भ्रमिष्ट अवस्थेतल्या एखाद्या बाईला दवाखान्यात न्यायची वेळ येते, तेव्हा ठाण्यातला हवालदार आपल्याला तोंडाने ओळखतो की नाही यावर पुढचे सारे अवलंबून असते.

पहिले काही आठवडे रिकाम्या हाताने

नव्या सेवकाने पहिला महिनाभर काहीही वाटू नये असे माझे ठाम मत आहे. हातात पिशवी असली की भोवती गर्दी होते, आणि गर्दीत तरणेबांड पुढे येतात व ज्याला उठताच येत नाही तो मागे राहतो. रिकाम्या हाताने गेलात की माणसे दिसू लागतात. मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्थानकाबाहेरचा भाग, कपिलेश्वर उड्डाणपुलाखालची जागा, जिल्हा रुग्णालयाचे आवार, आणि दुकाने बंद झाल्यावर खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली येथील पायऱ्या, एवढा फेरा संध्याकाळी आठनंतर सावकाश पायी करा.

तुमच्या लक्षात येईल की रस्त्यावर झोपणारे सगळे एका प्रकारचे नसतात. काहीजण दिवसा हमाली, गवंड्याच्या हाताखालचे काम किंवा हॉटेलात भांडी घासण्याचे काम करतात आणि केवळ खोलीभाडे परवडत नाही म्हणून बाहेर झोपतात. काही रुग्णाचे नातेवाईक असतात. चंदगड, अथणी किंवा रामदुर्गाहून आलेले हे लोक बेघर नसतात, पण दवाखान्याच्या भिंतीशी आठ-आठ दिवस पडून असतात. भंगार-कागद वेचणारी कुटुंबे असतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमेच्या यात्रांनंतर गर्दीत चुकलेले किंवा घरच्यांनी पुन्हा न शोधलेले म्हातारे लोक बसने शहरात येऊन पोचतात. मिरज–लोंढा मार्गावरच्या गाड्यांतून मानसिक आजार असलेली माणसे इथे उतरतात. आपण कोणत्या गावी उतरलो हेही त्यांना ठाऊक नसते. तृतीयपंथी, यल्लम्माला वाहिलेले जोगती, कुष्ठरोगातून बरे होऊनही गावाने परत न घेतलेले, दारूपायी घर तुटलेले, असे प्रत्येकाचे कारण वेगळे आणि म्हणून प्रत्येकाची गरजही वेगळी असते. हमालाला तुमची पोळी-भाजी नको असते. त्याला पेटी आणि कपडे सुरक्षित ठेवायला जागा हवी असते.

भिकारी हा शब्द आपल्या बोलण्यातून आणि वहीतूनही काढून टाका. वयाप्रमाणे आजी, मामा, काका, अक्का, अण्णा, अज्जा असे संबोधा, आणि पहिल्याच भेटीत नाव विचारू नका. आपले नाव सांगा. बोलण्याची सुरुवात जेवणावरून करणे या भागात सर्वांत सोपे जाते. 'जेवलासा काय?' किंवा कन्नडमध्ये तेच विचारणारे 'ऊटा आतेन्री?' एवढ्या एका प्रश्नाने समोरचा कोणत्या भाषेत मोकळा होतो ते कळते, मग त्याच भाषेत बोला. आपल्या सीमाभागात भाषेचा प्रश्न किती नाजूक आहे हे कोणालाही सांगण्याची गरज नाही. रस्त्यावर झोपलेल्या माणसाजवळ तो प्रश्न घेऊन जाऊ नये, आणि गटाचा फलक किंवा पत्रक काढायचेच असेल तर ते मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत काढावे. उभे राहून बोलू नका. खाली, शक्यतो त्याच पातळीवर, पण अंथरुणावर पाय न देता बसा. ती फाटकी पथारी त्याची खोली आहे आणि परवानगीशिवाय आपण कोणाच्या खोलीत शिरत नाही.

बसस्थानकावरची एक आजी माझ्या कायम लक्षात राहिली आहे. तिने देऊ केलेले नवे जाड ब्लँकेट नाकारले. कारण विचारल्यावर ती म्हणाली, 'नव्यासाठी रातचं कोनबी मारंल. मेणकापड हाय का बघ.' तिच्या बोचक्यावर एक फाटका प्लॅस्टिकचा तुकडा होता आणि जुलैचा पाऊस आडवा येत होता. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या या शहरात पावसाळ्याचे तीन महिने थंडीपेक्षा ओल अधिक छळते. बोचके कोरडे राहावे एवढीच तिची मागणी होती. त्यात तिची रेशनची पुस्तिका आणि मुलाचा एक फोटो होता. विचारल्याशिवाय गरज कळत नाही, आणि पहिल्या भेटीत विचारले तर खरे उत्तर मिळत नाही.

अन्न देण्याविषयी

अन्न शाकाहारी ठेवा, म्हणजे कोणालाही ते घेताना संकोच वाटणार नाही. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना भाकरी किंवा चपाती चावत नाही, त्यामुळे मऊ आमटी-भात, उप्पीट, इडली किंवा खिचडी बरी. ज्याने चार-पाच दिवसांत काहीच खाल्लेले नाही अशा माणसाला एकदम पोटभर वाढू नका. थोडे पातळ, थोड्या वेळाने पुन्हा थोडे, आणि शक्य तितक्या लवकर डॉक्टरांना दाखवा, कारण दीर्घ उपासानंतर अचानक भरपूर खाणे शरीराला धोक्याचे ठरू शकते. मधुमेह असलेल्यांना आपण कौतुकाने केळी आणि शिरा देतो, तेही विचारून द्यावे.

दररोजच्या जेवणाची जबाबदारी लहान गटाने अंगावर घेऊ नये. पाच रुपयांत नाश्ता आणि दहा रुपयांत जेवण देणारे इंदिरा कँटीन बेळगावात आहे; ज्याला चालता येते त्याला तिथवर सोबत नेऊन जागा दाखवणे हे आठवड्यातून एकदा डबा देण्यापेक्षा जास्त उपयोगाचे ठरते. आपला डबा ज्यांना उठता येत नाही त्यांच्यासाठी राखून ठेवा.

शरीराची काळजी

सेवेचा हा भाग नवखे लोक टाळतात, पण सर्वांत जास्त विश्वास इथेच निर्माण होतो. नखे काढणे, केस कापून देणे, पाय धुणे ही कामे साधी आहेत आणि त्यांसाठी कोणतीही पदवी लागत नाही. पाय हातात घेण्यापूर्वी परवानगी घ्या. कोमट पाण्याचे घमेले, साबण, जुना पंचा, एकदाच वापरायचे हातमोजे, चांगले नेलकटर आणि खोबरेल तेल एवढे सामान पुरते. वर्षानुवर्षे न कापलेली नखे इतकी जाड आणि वळलेली असतात की ती आधी पंधरा-वीस मिनिटे पाण्यात भिजवावी लागतात. घाईने कापली तर मांस निघते. पाय पुसून झाल्यावर बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली नाही ना ते पाहा, टाचांच्या भेगांना तेल लावा, आणि तळव्यावर एखादी जखम अशी दिसली की जी माणसाला दुखतच नाही, तर सावध व्हा. न दुखणारी जखम मधुमेहाची किंवा कुष्ठरोगाची खूण असू शकते आणि ती डॉक्टरांनीच पाहायला हवी. कुष्ठरोगावरचे औषध घेऊन झालेल्या माणसापासून संसर्ग होत नाही. त्याच्या हाताला हात लावायला कचरू नका.

जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरड्या निर्जंतुक पट्टीने झाकून रुग्णालयात नेणे एवढेच आपले काम आहे. किडे पडलेली जखम स्वतः साफ करायला जाऊ नका. कुत्रा चावला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करा. पुढच्या मात्रांच्या तारखा त्या माणसाला लक्षात ठेवता येत नाहीत, म्हणून त्या आपल्या वहीत लिहा आणि त्या-त्या दिवशी त्याला शोधून न्या. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटत चाललेले वजन दिसले तर थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोगाचे उपचार मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेखाली उपचार सुरू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात, पण ते बँक खात्यात जमा होतात. म्हणूनच औषधाबरोबर खाते उघडून देणे हेही उपचाराचाच भाग समजावे.

दारूविषयी एक गोष्ट विशेष जपून करावी. रोज पिणाऱ्या माणसाने प्रार्थनेनंतर भारावून जाऊन आजपासून दारू सोडली असे म्हटले, तर त्याचे स्वागत करा, पण त्याला एकट्याला सोडू नका. अनेक वर्षांची दारू एकाएकी बंद झाली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असे प्रकार होतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णालयातच.

तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. रुग्णालयात बेघर माणसासोबत कोणी नसेल तर त्याची आबाळ होते, हे कटू असले तरी खरे आहे. निदान पहिली रात्र गटातल्या कोणीतरी तिथे काढावी आणि पुढे रोज एक फेरी मारावी. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आपण जखमा बांधणाऱ्या हातांकडेच पाहतो; पण त्या मनुष्याने जखमीला उतारशाळेत नेले, रखवालदाराला पैसे दिले आणि परत येताना उरलेले देईन असे सांगितले, हाही त्या दाखल्याचा भाग आहे. माणसाला योग्य जागी पोचवणे आणि नंतर पुन्हा जाऊन पाहणे, या दोन गोष्टींनीच आपली सेवा पूर्ण होते.

मानसिक आजार असलेली माणसे

स्वतःशी बोलणारी, अंगावर चिंध्यांचे थर घातलेली, अन्न दिले तरी ते फेकून देणारी माणसे दिसली की नवखे सेवक एक तर घाबरतात किंवा ही अशुद्ध आत्म्याची बाधा आहे असे समजून मोठमोठ्याने प्रार्थना सुरू करतात. मी कळकळीने सांगतो की रस्त्यावर असे करू नये. आजारी माणूस त्याने अधिक बिथरतो आणि भोवती जमलेले लोक त्याचा तमाशा करतात. प्रार्थना घरी, मंडळीत करा. रस्त्यावर शांतपणे थोड्या अंतरावर बसा, पाणी पुढे ठेवा, आणि सलग काही भेटींत तो तुम्हाला ओळखू लागेपर्यंत वाट पाहा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०० प्रत्येक सेवकाला माहीत असले पाहिजे. आपल्या हद्दीत भटकणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मानसिक रुग्णाला संरक्षण देणे हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. त्याला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेले पाहिजे, त्याला कोठडीत ठेवता येत नाही, आणि तो बेघर असल्यास त्याचे घर शोधण्यासाठी हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करावी लागते. ठाण्यात जाताना एका कागदावर हे सर्व नम्र भाषेत लिहून न्या. जिल्हा रुग्णालयातून पुढे पाठवायचे झाल्यास धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था ही या भागातली मोठी सरकारी संस्था आहे. सल्ल्यासाठी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत अनेकांना गावाचे नाव आठवू लागते. हा क्षण हातचा जाऊ देऊ नका. गावाचे, देवळाचे, शाळेचे, नदीचे, जे नाव येईल ते लिहून घ्या आणि त्या तालुक्याच्या पोलिसांना कळवा.

मुले आणि स्त्रिया

एकटे मूल दिसले तर त्याला आपल्या घरी किंवा मंडळीच्या वसतिगृहात नेऊ नका, मग हेतू कितीही चांगला असो. १०९८ या बाल साहाय्य क्रमांकावर कळवा. बालन्याय कायद्याप्रमाणे मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते, आणि पालकांपासून तुटलेले मूल सापडल्याचे न कळवणे हा गुन्हा आहे. स्त्रियांशी बोलायला गटातल्या स्त्रीनेच पुढे व्हावे. रात्री बाहेर झोपणाऱ्या बाईला आधी सुरक्षित जागा हवी असते. १८१ हा महिला साहाय्य क्रमांक गटातल्या प्रत्येकाला पाठ असावा. कर्नाटकात जून २०२३ पासून राज्यातल्या स्त्रियांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत झाल्यामुळे काही निराधार बायका दिवसभर बसने फिरतात आणि रात्री कोणत्यातरी स्थानकावर उतरतात. एका आठवड्यात दिसलेली बाई पुढच्या आठवड्यात हुक्केरीला किंवा गोकाकला असू शकते, म्हणून तिथल्या मंडळ्यांशी फोनवर संपर्क ठेवा.

गळ्यात यल्लम्माच्या मण्यांची माळ असलेली, देवीला वाहिलेली एखादी जोगतीण भेटेल. ती माळ काढ असे तिला कधीही सांगू नका. देवदासी सोडण्याची प्रथा १९८२ च्या कर्नाटक कायद्याने बंद केली आहे आणि नोंद झालेल्या माजी देवदासींना राज्याकडून मासिक निर्वाहभत्ता मिळतो. तिची नोंद आहे का, भत्ता हातात पडतो का, तो दुसराच कोणी काढून घेत नाही ना, हे पाहणे हे आपले काम आहे.

कागदपत्रे आणि सीमेचा प्रश्न

या भागातल्या सेवकाला इतर शहरांतल्या सेवकांपेक्षा एक गोष्ट जास्त शिकावी लागते. रस्त्यावरचा माणूस अनेकदा गडहिंग्लज, चंदगड किंवा मिरजेचा असतो, त्याची कागदपत्रे महाराष्ट्राची असतात आणि तो झोपतो कर्नाटकात. त्यामुळे दोन्हीकडच्या कचेऱ्या त्याला दुसरीकडे पाठवतात. आधी तो मूळचा कुठला आणि त्याचे कोणी मागे आहे का ते शांतपणे जाणून घ्या. पासष्टीच्या पुढच्या आणि कर्नाटकातच राहिलेल्या माणसासाठी संध्या सुरक्षा या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे स्थानिक महसूल कचेरीत, करता येतो. मूळ गाव महाराष्ट्रात असेल आणि तिथे भाऊ-पुतण्या कोणी असेल, तर संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेसाठी त्याच तालुक्याच्या तहसील कचेरीत जावे लागते. दोन्हीकडे अर्ज करू नका. एक जागा ठरवा आणि शेवटपर्यंत पाठपुरावा करा.

धान्याची अडचण मात्र सोपी आहे. एक देश एक रेशन कार्ड या व्यवस्थेमुळे महाराष्ट्रातल्या पात्र शिधापत्रिकेवरचे केंद्राच्या वाट्याचे धान्य बेळगावच्या रास्त भाव दुकानात अंगठा लावून घेता येते. दुकानदार नाही म्हणाला तर अन्न व नागरी पुरवठा खात्याच्या तालुका कार्यालयात तक्रार करा. आधार कार्ड हरवले असेल तर नवे काढण्याच्या मागे न लागता आधी आधार केंद्रात ठशांवरून जुना क्रमांक मिळतो का ते पाहा. या मार्गाने काही माणसांचे घरही सापडते. कोणाचीही मूळ कागदपत्रे आपल्याकडे ठेवून घेऊ नका. प्रती काढा, मूळ प्रत जाड प्लॅस्टिकमध्ये घालून त्याला परत द्या, आणि त्याच्या कागदांचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. चेहऱ्याचे फोटोही नकोत. देणगीदारांना हिशेब दाखवा, माणसे दाखवू नका.

निवाऱ्याची चौकशी महानगरपालिकेत करावी. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निवारा योजनेने शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी बारमाही निवारा हा निकष घातला. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या जवळ होती, तेव्हा या शहराला किती निवारे हवेत याचा हिशेब कोणीही करू शकतो. हा हिशेब नगरसेवकांपुढे वारंवार, सभ्यपणे मांडत राहणे ही देखील सेवाच आहे. कर्नाटकाच्या १९७५ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याखाली रस्त्यावरून उचललेल्या माणसांना निराश्रितर परिहार केंद्रात, म्हणजे निराश्रितांसाठीच्या सरकारी केंद्रात, ठेवले जाते. आपल्या ओळखीचा माणूस अचानक दिसेनासा झाला तर रुग्णालयानंतर तिथे चौकशी करा.

आपला विश्वास आणि त्यांचा विश्वास

आपण कोण आहोत हे लपवू नये. कोणी विचारले तर आम्ही येशूचे अनुयायी आहोत आणि त्याने आम्हाला हे शिकवले म्हणून येतो, असे एका वाक्यात सांगावे आणि थांबावे. अन्न, औषध, कपडा किंवा कागदपत्रांची मदत यांना कोणतीही अट जोडू नये: जेवणाआधी प्रार्थनेला बसवणे नको, पिशवीत पत्रक घालणे नको, उपासनेला आलात तर ब्लँकेट देऊ असे सुचवणेही नको. यामागे कायद्याचे कारण आहेच. कर्नाटकाचे धर्मांतरविषयक विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात विधानसभेने मंजूर केले, २०२२ मध्ये तो कायदा झाला आणि त्यात भेटवस्तू किंवा भौतिक लाभाला आमिष म्हटले आहे. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो मागे घेण्याचा निर्णय घेतला. कायद्याची आजची नेमकी स्थिती काय आहे हे मंडळीच्या वकिलांकडून समजून घेऊनच काम सुरू करा. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठे कारण आपल्या विश्वासातच आहे. भुकेलेल्याने भुकेपोटी म्हटलेले आमेन देवाला नको असते, आणि आपल्यालाही ते नको असले पाहिजे. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले, त्यातला एकच परत आला, आणि उरलेल्या नऊ जणांचे बरेपण त्याने काढून घेतले नाही.

कोणी स्वतःहून प्रार्थना करा म्हटले तर जरूर करा, हळू आवाजात आणि थोडक्यात. कोणी उपासनेला येऊ का म्हणाले तर मोकळेपणाने बोलवा आणि शेवटच्या बाकावर नव्हे, आपल्या शेजारी बसवा. आणि कोणाला विठ्ठलाचे अभंग म्हणायचे असतील, नमाजाची वेळ झाली असेल किंवा पौर्णिमेला सौंदत्तीला जायचे असेल, तर ती त्याची गोष्ट आहे आणि आपल्या पुढच्या भेटीवर तिचा काहीही परिणाम होता कामा नये.

हाच नियम मृत्यूनंतरही पाळावा. ओळखीचा बेघर माणूस गेला तर पोलीस पंचनामा आणि नातेवाइकांचा शोध यांसाठी ठरलेला काळ जातो. त्या काळात शवागाराशी संपर्कात राहा, नाही तर बेवारस म्हणून त्याचे परस्पर काहीही होते. अंत्यविधी त्याच्या स्वतःच्या धर्माप्रमाणे करा. हिंदू असेल तर सदाशिवनगरच्या स्मशानभूमीत, लिंगायत असेल तर त्यांच्या रीतीने दफन, मुसलमान असेल तर जमातीला कळवून. म्हणूनच जिवंतपणी कधीतरी, विश्वास बसल्यावर, आजी तुम्ही गेलात तर काय करायचे हे विचारून वहीत लिहून ठेवावे. म्हातारी माणसे या प्रश्नाने दुखावत नाहीत. कोणीतरी विचारले याचे त्यांना बरे वाटते.

वही आणि काम दुसऱ्याच्या हाती देणे

गटाची एकच वही असावी आणि ती कुलपात असावी. त्यात हाक मारण्याचे नाव, बसण्याची जागा, भाषा, आजार, औषधांच्या तारखा आणि आपण कबूल केलेल्या गोष्टी लिहाव्यात. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. चष्मा आणतो म्हणालात आणि विसरलात तर तो माणूस तुम्हाला कधीच आठवण करून देणार नाही. तो फक्त तुमच्याशी बोलणे कमी करील.

कोणत्याही सेवकाला आज ना उद्या थांबावे लागते: नोकरीची बदली होते, लग्न होऊन गाव बदलते, घरी आजारपण येते. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही, पण न सांगता निघून जाऊ नका. जाण्याआधीचे चार आठवडे नव्या सेवकाला प्रत्येक फेरीत बरोबर न्या, प्रत्येक माणसाशी नावाने ओळख करून द्या, आणि आपण कधीपासून येणार नाही ती तारीख प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगा. वहीतल्या कबूल केलेल्या गोष्टींपैकी जेवढ्या पूर्ण करता येतील तेवढ्या त्या चार आठवड्यांत करा. उरलेल्या त्या माणसासमोरच, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, नव्या सेवकाच्या स्वाधीन करा.